साध्या आवाजात बोलायची जागा

वाघोली, पुणे
१३ जानेवारी २०२५

व्यवस्थापक, 'आठ खुर्च्या', कॅम्प, पुणे यांस,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात कामानिमित्त कॅम्पात आलो होतो, तेव्हा आपल्या दारावरची पाटी वाचली. 'फोनवर टेबल राखले जात नाही. यायचे असल्यास आधी लिहून कळवावे.' त्यानुसार लिहीत आहे. पुण्यात पाटी लावणारे पुष्कळ, ती मनावर घेणारे कमी. मी दुसऱ्या प्रकारचा आहे.

मला आणि माझ्या पत्नीला एका संध्याकाळी बाहेर जेवायचे आहे. जागा मी निवडणार आहे. आत्तापर्यंत चार जागा पाहून झाल्या. पहिल्या ठिकाणी बागेत टेबले होती आणि बागेतच एक गृहस्थ माईकवर जुनी गाणी म्हणत होते. त्यांना कोणी थांबवत नव्हते. दुसऱ्या ठिकाणी थाळी उत्तम, पण वाढपी एकमेकांना अशा हाका मारतात की जणू मध्ये नदी आहे. तिसऱ्या ठिकाणी तव्यावर चरचरत काहीतरी आणून ठेवतात आणि त्याचा धूर ओसरेपर्यंत बोलणे बंद. चौथे मोठे हॉटेल. तिथे कारंजे आहे.

आपल्याकडची सुशी थंड असते असे वाचले. म्हणजे फोडणी नाही, आणि फोडणी नाही म्हणजे धूर ओढणारा मोठा पंखा नाही, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का ते कळवावे. आणखी विचारायचे ते असे, की आपण गाणी लावता का, आणि खुर्च्या एकमेकींना किती चिकटून आहेत. शिवाय कच्चा मासा खाल्ल्याने माणसाला काय होते, आणि ज्याला तो खायचा नाही त्याने काय खावे.

उत्तर पोस्टाने पाठवावे. मोबाईल आहे, परंतु तो माझ्याआधी पत्नी वाचते, आणि हा बेत तिला सांगितलेला नाही. टपाल मात्र खाली जाऊन मीच आणतो.

आपला,
हिंमतराव भोयर


कॅम्प, पुणे
१८ जानेवारी २०२५

श्री. भोयर यांस,

सा.न.

आपलं पत्र पोहोचलं. पाटीवरच्या 'लिहून कळवावे'चा अर्थ व्हॉट्सॲपवर मेसेज करावा, असा होता. पण तसं पाटीवर लिहिलेलं नाही, त्यामुळे चूक माझी. दुकान उघडल्यापासून पोस्टमन पहिल्यांदाच आत आले. त्यांना पाणी दिलं, त्यांनी काचेतल्या माशाकडे बघितलं आणि पाणी न पिता गेले.

मी अरिबा तांबोळी. व्यवस्थापक, आचारी आणि भांडी पुसणारी मीच. ही जागा आधी माझ्या अब्बांचं चष्म्याचं दुकान होती. मी मुंबईत एका जपानी उस्तादांच्या हाताखाली काम शिकले आणि गेल्या जूनमध्ये इथे आठ खुर्च्या टाकल्या.

आपला तर्क बरोबर आहे. मोठा पंखा नाही. एक लहान आहे, भात शिजताना लावते, आणि भात दुपारीच होतो. दोन खुर्च्यांमध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा आहे. कच्चा मासा खाल्ल्याने माणसाला काहीही होत नाही. जेवतो, उठतो आणि घरी जातो. हा मासा कच्चा खाण्यासाठीच खास गोठवून आलेला असतो. ज्यांना नको त्यांच्यासाठी काकडी आहे, अंड्याची गोडसर पोळी आहे, शिजवलेली कोळंबी आहे. भाताला फक्त शिरका, साखर, मीठ. दारू कुठल्याही पदार्थात नाही.

गाण्यांचं म्हणाल तर आत्ता लावत नाही. पण गिऱ्हाइकांची तक्रार आहे की इथे फार शांत वाटतं, चावल्याचा आवाज येतो, अवघडल्यासारखं होतं. म्हणून माझा चुलतभाऊ शहेजाद, जो दुकानाचं बाहेरचं सगळं बघतो, पुढच्या आठवड्यात स्पीकर बसवतोय. हलकी बासरी असेल. आपल्याला त्रास होणार नाही याची खात्री देते.

कधी येताय ते कळवावं.

अरिबा तांबोळी


वाघोली
२२ जानेवारी २०२५

कु. तांबोळी यांस,

स.न.वि.वि.

सविस्तर उत्तराबद्दल आभार.

खात्री करून घ्यावी म्हणून काल दुपारी येऊन गेलो. ओळख दिली नाही. काकडीची सुरळी खाल्ली. भात आमच्याकडच्या भातापेक्षा चिकट, पण चव चांगली. जागा मला हवी होती तशीच आहे. भिंतीत स्पीकरसाठी भोकं पाडून ठेवलेली पाहिली.

बासरी कितीही हलकी असली तरी ती माणसाच्या बोलण्यावरच येऊन बसते. तेव्हा आपले नाव मी बाजूला ठेवत आहे. राग नसावा. आपल्या गिऱ्हाइकांना शांततेचा त्रास होत असेल तर त्यांची सोय पाहणे हे आपले कामच आहे.

हिंमतराव भोयर


कॅम्प
२७ जानेवारी २०२५

भोयरकाका,

'काका' लिहिलंय, चालेल ना. पांढऱ्या मिशा, खिशाला दोन पेनं आणि भिंतीकडची शेवटची खुर्ची. ते तुम्ही होतात हे पत्र वाचल्यावर कळलं.

मी तुम्हाला तीन वेळा विचारलं होतं की सोबत आल्याचं लोणचं देऊ का. तुम्ही भिंतीकडे बघत राहिलात. मग मी म्हटलं, पाणी गरम हवं की साधं. तुम्ही हसून 'हो' म्हणालात. खरं सांगते, तुम्ही गेल्यावर मी चिडले होते. अब्बा कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, "तो माणूस उद्धट नाही. त्याला ऐकू येत नाहीये. माझ्याकडेही असेच यायचे, अक्षर दिसत नसताना मान डोलावणारे."

तर आता सरळच विचारते. तुम्हाला ऐकायला कमी येतं का? तसं असेल तर आधीच सांगायचं होतं. मला वाटलं, गाण्यांचाच तिटकारा असलेले एखादे कडक गृहस्थ असतील. शहेजादला मी सांगितलंय, स्पीकर खोक्यातच राहू दे, एक पत्र यायचंय.

तुम्हाला शांतता नक्की कशासाठी हवी आहे ते कळलं, तर मला काय करता येईल ते बघता येईल. मी माझ्या कामात चांगली आहे, आणि ते कामच मला करू द्या.

अरिबा


वाघोली
१ फेब्रुवारी २०२५

चि. अरिबा हिस,

तुझ्या अब्बांना माझा नमस्कार सांग. त्यांनी बरोबर ओळखले.

कान वडिलांचेही गेले होते, साठीनंतर. माझे तसेच गेले. दोन्ही कानांत यंत्र आहे. तुझी पाटी वाचली त्या दिवशी कॅम्पात त्याचीच दुरुस्ती करायला आलो होतो. लोकांना वाटते, यंत्र लावले की झाले. ते बोलणे मोठे करते, तसे पंखा, ताट, शेजारचा मिक्सर, रस्त्यावरचा डंपर, सगळेच मोठे करते. शांत खोलीत एकच माणूस समोर बसून बोलत असेल तर मला शब्द न् शब्द कळतो. अशी खोली आमच्याकडे नाही. निवृत्त झाल्यावर खडकीचे क्वार्टर सोडून आम्ही इथे फ्लॅट घेतला. खाली नगर रस्ता आहे, मागे दोन इमारती उठत आहेत. खिडकी बंद केली तरी ड्रिलिंग भिंतीतून येते. मुलगी रुपाली बडोद्याला असते, त्यामुळे घरात आम्ही दोघेच.

माझी पत्नी दुर्गा. खडकीला ती बालवाडी चालवायची. इतका हळू आवाज, की पोरं ऐकण्यासाठी गप्प बसत. आता ती ओरडते. भांडायला नव्हे, मला कळावे म्हणून. 'गोळी घेतली का', 'दार लावा', 'पिशवी कुठे ठेवली'. जेवढे ओरडून सांगता येते तेवढेच ती मला सांगते. बाकीचे काय करते, ते मला माहीत नाही.

दिवाळीनंतर ती गॅलरीत उभी राहून फोनवर खूप बोलते. तिची बहीण मुक्ताई दारव्ह्याला असते, यवतमाळकडे, तिच्याशी. मी गेलो की फोन ठेवते. एकदा मला 'जाते' एवढा शब्द मिळाला. महिन्याभरापूर्वी तिने माळ्यावरची मोठी बॅग उतरवून धुतली, उन्हात ठेवली आणि पलंगाखाली सारली. मी विचारलेले नाही. विचारले तर तिला उत्तर ओरडून द्यावे लागेल आणि ते मजल्यावरच्या सगळ्यांना कळेल. असल्या गोष्टीचे उत्तर मला तसे नको.

लिहून विचारा, म्हणशील. तुला लिहितोच आहे. पण एका घरात राहणाऱ्या नवरा-बायकोने चिठ्ठ्या लिहायच्या म्हणजे तो अबोला झाला. आमचा अबोला नाही.

ती जाणार असेल तर जाईल. तिला अडवणारा मी कोण. पण ती जे सांगेल ते तिच्या आवाजात ऐकायचे आहे. म्हणून जागा शोधतो आहे. कारंजे नसलेली.

तुझा,
हिंमतराव भोयर


कॅम्प
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय काका,

पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, आणि एकदा मोठ्याने अब्बांना. तुमची परवानगी न घेता, त्याबद्दल माफ करा. पण आता जे सांगतेय त्यातलं निम्मं त्यांचं आहे.

तारीख आधी. १९ तारखेला शिवजयंती, त्या आठवड्यात मिरवणुका आणि ढोल असणार, तो आठवडा सोडा. २ मार्चपासून आमचे रोजे सुरू होतील आणि मग महिनाभर आमच्या बोळात संध्याकाळी बाजार भरतो. सरबतवाला, कबाबवाला, पोरं, स्कूटर. सुंदर असतं, पण तुमच्या उपयोगाचं नाही. म्हणून सोमवार, २४ फेब्रुवारी, संध्याकाळी सात. सोमवारी माझं दुकान बंद असतं. त्या दिवशी ते फक्त तुमच्यासाठी उघडं असेल.

काल गिऱ्हाईक गेल्यावर मी आणि अब्बा प्रत्येक खुर्चीवर बसून बघितलं. अब्बा कानात कापूस घालून बसले आणि मी हळू बोलत गेले. भिंतीकडची खुर्ची, जी तुम्ही निवडली होती, ती सगळ्यांत वाईट. मागे फ्रिज आहे, तो घरघरतो. दाराच्या उजव्या हाताला कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या चांगल्या. काउंटर तिथे वळतो, त्यामुळे तुम्ही एकमेकांच्या समोर येता आणि तोंड दिसतं. चिनीमातीच्या बश्यांऐवजी लाकडी पाट ठेवेन. काउंटरवर जाड कापड घालेन. फ्रिज तासभर बंद ठेवला तरी मासा बर्फात नीट राहतो, ती काळजी माझी. दारावर अब्बांच्या दुकानातला जुना मखमली पडदा लावतोय, डोळे तपासताना अंधारासाठी लावायचे तो.

शहेजादशी बोलणं झालं. तो म्हणाला, "एका टेबलासाठी तू सगळ्या गिऱ्हाइकांना नाराज करणार?" मी म्हटलं, "आपल्याकडे आठच खुर्च्या आहेत. आठ माणसांना एकमेकांशी बोलायला अवघड वाटत असेल तर तो प्रश्न बासरीने सुटणार नाही." स्पीकर परत गेले. हे तुमच्यासाठी केलं असं समजू नका. हे दुकान काय आहे ते मला तुमच्या पत्रामुळे कळलं, एवढंच.

काकूंना काय आवडतं ते कळवा.

अरिबा


वाघोली
१२ फेब्रुवारी २०२५

चि. अरिबा,

सोमवार पक्का.

दुर्गा गुरुवार करते, सोमवारी सगळे खाते. नदीचा मासा तिला प्रिय, मरळ वगैरे. कच्चा तिने कधी खाल्लेला नाही, मीही नाही. तू ठरव ते वाढ. तिखट ती माझ्यापेक्षा जास्त खाते. तिला सांगितले आहे की कॅम्पात काम आहे आणि येताना चांगली साडी नेसून ये. तिने विचारले, यंत्राच्या दुकानात चांगली साडी कशाला. मला ऐकू आले नाही असे दाखवले.

भिंतीतली भोकं बुजवून घे. पावसाळ्यात मुंग्या लागतात.

हिंमतराव


कॅम्प
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय काका,

सोमवारनंतर तुमचं काही पत्र नाही. मला विचारायचा हक्क नाही, तरी विचारते. सगळं ठीक आहे ना?

मी मुद्दाम आतल्या बाजूला होते. पदार्थ ठेवायचा आणि आत जायचं, असं ठरवलं होतं. अब्बा बाहेर बोळात स्टूल टाकून बसले होते, आज बंद आहे हे लोकांना सांगायला. पण ठेवताना जे दिसलं ते दिसलं.

काकू बसल्या आणि सवयीने मोठ्या आवाजात म्हणाल्या, "हे काय आहे, इथे कोणी कसं नाही?" त्या छोट्या खोलीत तो आवाज केवढा तरी झाला आणि त्या स्वतःच दचकल्या. तुम्ही फक्त हात थोडा खाली केलात, असा, टेबलावर ठेवल्यासारखा. त्या परत तेच बोलल्या, जरा हळू. मग आणखी हळू. तुम्ही म्हणालात, "ऐकू येतंय."

मी दुसरा पाट आणला तेव्हा पहिला तसाच होता. तिसरा आणलाच नाही. आतून बघितलं तेव्हा काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि तुम्ही मान खाली घालून बसला होतात. मला वाटलं, संपलं. ही जागा मी इतकी शांत केली ती यासाठी का, असं वाटून वाईट वाटलं. मग थोड्या वेळाने दोघांनीही जेवायला सुरुवात केलीत. सगळं खाल्लंत. निघताना तुम्ही अब्बांशी हात मिळवलात, माझ्याकडे बघून मान हलवलीत आणि गेलात. काकू माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

परवापासून रोजे सुरू होतायत. त्याआधी कळलं असतं तर बरं वाटलं असतं, पण घाई नाही.

तुमची,
अरिबा


वाघोली
९ मार्च २०२५

चि. अरिबा हिला दुर्गाबाई भोयरचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी मला वाचायला दिलं आणि म्हणाले, उत्तर तू लिही, बोललीस तू. मग तुझी आधीचीही सगळी वाचायला दिली. तुझ्याशी त्या दिवशी बोलले नाही कारण बोलले असते तर तुझ्या दारातच रडले असते, आणि तुझे अब्बा तिथे बसले होते. तुला वाईट वाटलं असेल तर मनातून काढून टाक.

बॅगेचं ह्यांनी तुला लिहिलं होतं म्हणे, ते खरं आहे. माझी बहीण मुक्ताई दारव्ह्याजवळ मुलींचं वसतिगृह चालवते. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या मुली तिथे राहून शाळेत जातात. जूनपासून तिला मुलींचं जेवणखाण आणि अभ्यास बघणारं कोणीतरी हवं आहे. मी खडकी सोडल्यापासून रिकामी आहे. मी हो म्हटलं.

पण मी ह्यांना न सांगता हो म्हटलं, असं नाही. मी दोनदा सांगितलं होतं. दिवाळीनंतर एकदा जेवताना सांगितलं. ह्यांनी मान हलवली आणि ताक मागितलं. डिसेंबरात परत सांगितलं, की मी दारव्ह्याला राहायला जायचं म्हणते, वर्ष-दोन वर्षं. हे 'हो' म्हणाले आणि पिशवी घेऊन दूध आणायला गेले. मी दारात उभी राहून बघत राहिले. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या बायकोच्या जाण्याचं ह्यांना एवढंसुद्धा नाही. त्याच रात्री मुक्ताईला फोन केला आणि सांगितलं, नक्की येते. बॅग रागानेच उतरवली होती.

सोमवारी तुझ्याकडे बसल्यावर ह्यांनी विचारलं, "तू जाणार आहेस का?" इतकं सरळ. मी म्हटलं, "तुम्हीच तर हो म्हणालात." ह्यांनी समोरचा पाट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मला ऐकूच आलं नव्हतं, दुर्गा. मी सगळ्यालाच हो म्हणतो." तेव्हा मी रडले. तू जे बघितलंस ते तेवढंच. ते संपणं नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. मुलींचं, मुक्ताईचं, इथे दिवसभर ड्रिलिंग ऐकत मला कसं वाटतं त्याचं. मध्ये एकदाही ओरडावं लागलं नाही. मला माझा आवाज परका वाटत होता, कोणी दुसरीच बाई बोलतेय असा. हे पूर्ण ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "आता ऐकलं. आता मी नाही म्हणू शकतो का?" मी म्हटलं, "म्हणा." तर म्हणाले, "नाही म्हणत नाही. पण येता का, असं तू मला विचारलंच नाहीस." मी म्हटलं, "तुमचे खडकीचे मित्र, तुमची लायब्ररी, तुम्ही कशाला याल त्या आडगावात." तर म्हणाले, "विचार तर."

मी विचारलं, "येता का?" ते म्हणाले, "परत विचार." मला वाटलं, ऐकू आलं नाही, म्हणून जरा पुढे वाकले आणि परत विचारलं. तेव्हा कळलं की पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. यायला तयार आहेत. वसतिगृहातला पाण्याचा पंप आणि मुलींच्या सायकली मी बघेन, म्हणतात. मुक्ताईला तुझ्याच दुकानाबाहेर उभं राहून फोन केला. ती म्हणाली, भाऊजींना दोन खोल्या देते, तिथे संध्याकाळनंतर कुत्रंही भुंकत नाही.

तुझं जेवण. अंड्याची पोळी मला गोड लागली, कोळंबी आवडली. कच्चा मासा मी घेतला, आणि खरं सांगायचं तर मला तो मासा वाटलाच नाही, लोण्यासारखा गेला. ह्यांनी दोन खाल्ले आणि तिसरा मला सरकवला. ती हिरवी चटणी मी नुसती बोटाने चाटली. नाकातून वर गेली ती थेट डोक्यात. ह्यांना वाटलं मी परत रडतेय, तर ते घाबरून पाणी पुढे करत होते. मला हसू आवरेना.

तुझा रमजान चालू आहे, उपवास जपून कर. उन्हं वाढली आहेत. ईदला आम्ही दोघं येऊ, जेवायला नाही, तुला आणि अब्बांना भेटायला. सोबत तिळाच्या पोळ्या आणेन. त्या बाजाराच्या गोंगाटात ह्यांना काही ऐकू येणार नाही, पण येतील. ते म्हणतात, तिथे काय ऐकायचंय, खायचंच आहे.

ह्यांची एक सवय मात्र सुटली. आता उगीच मान हलवत नाहीत. कळलं नाही तर म्हणतात, कळलं नाही. पहिले दोन दिवस मला त्याचाच वैताग आला, इतक्या वेळा म्हणायचे. आणि माझी एक सुटतेय. काल हे गॅलरीत उभे होते, खाली डंपर रिकामा होत होता. मी स्वयंपाकघरातून हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग गॅस बंद केला, हात पुसले आणि गॅलरीत जाऊन ह्यांच्या कानापाशी म्हटलं, पोळ्या झाल्या.

म्हणाले, "ऐकू आलं."

तुझी,
दुर्गाकाकू